डाव्या पानावरची पेन्सिल

आपल्याकडचं केमिस्ट्रीचं जर्नल डावीकडे कोरं आणि उजवीकडे रेघांचं असतं. रेघांच्या पानावर शाईने उद्देश, साहित्य, सिद्धांत, कृती. कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, निरीक्षणांचा तक्ता आणि आकडेमोड. अकरावी-बारावीपासून हीच रीत, त्यामुळे ती कुणाला विचित्र वाटत नाही. पण जरा थांबून बघा. जे पाठ्यपुस्तकात आधीच छापलेलं आहे, ते शाईत. आणि जे त्या दुपारी त्या टेबलावर खरोखर घडलं, जे जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही, ते पेन्सिलीत. शेजारी खोडरबर.

काही वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढून मी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घ्यायला कॉलेजात आले, म्हणून मला हे खटकलं असेल. कंपनीच्या लॅबमध्ये पेन्सिल सापडली तर चौकशी होते. तिथली वही क्वालिटी अ‍ॅश्युरन्सकडून नोंद करून, सही करून मिळते. पानांवर छापील क्रमांक असतात. पान फाडायचं नाही, रिकामं सोडायचं नाही; उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारून सही आणि तारीख. चूक झाली तर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनरचं तर नावच काढायचं नाही. तराजूतून निघालेली वजनाची चिठ्ठी वहीत चिकटवायची, आणि ती थर्मल कागदाची असेल तर सही केलेली तिची झेरॉक्सही जोडायची, कारण त्या कागदावरची अक्षरं काही काळाने उडून जातात.

नव्याने लागलेली मुलं हुशार असत. हात चांगला, गणित पक्कं. पण वजन आधी टिश्यू पेपरवर नाहीतर हातमोज्यावर लिहीत आणि जागेवर बसून सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत. का, असं विचारलं तर अगदी निरागसपणे सांगत, "मॅडम, वही खराब होऊ नये म्हणून." तपासणीला आलेले अधिकारी कचऱ्याचे डबेसुद्धा उपसतात, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बादलीत वजन लिहिलेला एक बोळा सापडला, तर आतला आकडा वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला तरी गोष्ट तिथे संपत नाही. आणखी किती बोळे होते, हा पुढचा प्रश्न असतो आणि त्याला कुणाकडेच उत्तर नसतं.

ही सवय मुलांना कंपनीत लागत नाही. ती आम्ही लावून पाठवतो.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, हे रफमध्ये लिहू का फेअरमध्ये?" रफ म्हणजे दोनशे पानी वहीची मागची पानं, जिथे फुलीगोळाही खेळलेला असतो. फेअर म्हणजे खाकी कव्हर घातलेलं, पुढे सर्टिफिकेटचं पान असलेलं जर्नल. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात लायब्ररीत जाऊन बघा. सीनियरचं जर्नल मध्ये उघडं ठेवून चौघं-पाचजणं भोवती बसलेली असतात. सीनियरने ते त्याच्या सीनियरकडून उतरवलेलं. कृती कर्मणी प्रयोगातल्या इंग्रजीत: द्रावण घेतलं गेलं, फ्लास्क हलवला गेला. कुणी हलवला, हे कळायची सोय नाही. एखाद्या पिढीत कुणाच्या हातून गाळलेली ओळ पुढच्या सगळ्या पिढ्यांत गाळलेलीच राहते, आणि जुन्या पोथ्यांचे अभ्यासक जसे चुकांवरून प्रतींची वंशावळ लावतात, तशी मला आमच्या विभागातल्या जर्नलांची लावता येईल.

आणि मग रीडिंग. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या खुणा केलेल्या काचेच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला (हाच एंड पॉइंट) की किती मिली लागलं ते वाचायचं. त्याच्या तक्त्यात आधी एक पायलट रीडिंग असतं, अंदाज येण्यापुरतं: '१० ते ११ मिली'. त्यानंतर तीन नेमकी रीडिंग आणि त्यांतून निघणारं सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. जर्नलात ही तीन रीडिंग कायम १०.१, १०.१, १०.१ अशी असतात. ब्युरेटवरची सगळ्यात लहान रेघ ०.१ मिलीची, दोन रेघांच्या मधे डोळ्यांनी ०.०५ पर्यंत अंदाज करता येतो. एका थेंबाचं आकारमानच साधारण ०.०५ मिली. म्हणजे माणसाच्या हातून तीनदा केलेल्या प्रयोगात एका थेंबाचा तरी फरक पडणं अगदी साहजिक. पण मुलांना कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की रीडिंग 'मॅच' झाली पाहिजेत. मग ती होतात. सगळ्या तक्त्यात प्रामाणिक नोंद एकच उरते, ती पायलट रीडिंगची, कारण तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते.

तक्त्याबाहेर काय काय राहून जातं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. ऑक्झॅलिक आम्लाचं पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन घ्या. आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून घ्यायचं, वरून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. परमँगनेटचा रंग इतका गर्द की ब्युरेटमध्ये खालची वक्र कड दिसतच नाही, वरच्या कडेवर वाचावं लागतं. पहिले काही थेंब पडतात आणि गुलाबी रंग जाता जात नाही. मुलं घाबरतात, एंड पॉइंट आला की काय! मग तो रंग सावकाश विरतो आणि त्यानंतरचे थेंब पडल्या पडल्या नाहीसे होऊ लागतात. हे का होतं? अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयन त्याच अभिक्रियेला गती देतात. आधी ते नसतात म्हणून सुरुवात रेंगाळते. म्हणजे त्या मुलाने स्वउत्प्रेरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जर्नलात मात्र त्यासाठी रकाना नाही. तिथे 'रंगहीन ते फिकट गुलाबी' एवढंच लिहायचं असतं, आणि ते त्याने लॅबमध्ये यायच्या आधीच लिहून आणलेलं असतं.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसचं, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखायचं जर्नल या बाबतीत खरं तर सुंदर आहे. चाचणी, निरीक्षण, अनुमान असे तीन रकाने. असा शहाणा तक्ता अभ्यासक्रमात दुसरा नाही. पण मुलं तो उजवीकडून डावीकडे भरतात. क्षारात बेरियम आहे हे शेजारच्या टेबलावरून कळलेलं असतं, की मग अनुमानात बेरियम आणि निरीक्षणात आपसूक 'ज्योतीचा रंग पोपटी'. ज्योत पेटवली होती का, हा प्रश्न असभ्य ठरतो.

अनुमान आधी आणि निरीक्षण नंतर, हा रोग फक्त आमच्या मुलांचा नाही. युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातला मातब्बर जर्मन रसायनशास्त्रज्ञ. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करून रसायनशास्त्र शिकावं, ही पद्धत रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा. त्याच्याकडे क्रॉइट्सनाखच्या मिठागराच्या पाण्यातून मिळालेला एक तांबूस द्रव आला होता. त्याने जुजबी तपासणी केली, हे आयोडीन क्लोराइड असणार असं ठरवलं आणि बाटलीवर तशी चिठ्ठी लावून टाकली. १८२६ साली अँत्वान बालार या फ्रेंच तरुणाने ब्रोमीन हे नवं मूलद्रव्य शोधल्याचं जाहीर केलं, तेव्हा लीबिगच्या लक्षात आलं की ते आपल्या कपाटात केव्हापासून बसलेलं आहे. ती बाटली त्याने पुढे चुकांच्या कपाटात ठेवली आणि लोकांना दाखवली, हा त्याचा मोठेपणा. पण चिठ्ठीवर 'तांबूस, उग्र वासाचा द्रव, ओळख पटलेली नाही' एवढंच असतं तर? निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं की पुढे बघायचं कारणच संपतं.

याच्या उलट वागलेला माणूस म्हणजे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली. वायूंची घनता अचूक मोजायची, असं कंटाळवाणं काम त्याने अंगावर घेतलं होतं. नायट्रोजनची पाळी आली. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन काचेच्या गोळ्यात भरून तोलला. मग हवा आणि अमोनिया यांच्या अभिक्रियेतून मिळवलेला नायट्रोजन तोलला. दोन्हींत हजारात एक भाग इतका फरक आला. दुसरा कुणी असता तर सरासरी काढून झोपला असता. रॅलीने १८९२ साली 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं की बाबांनो, हे काय असावं? आणि पुढे त्याने जे केलं ते मला फार आवडतं. फरक मिटवण्याऐवजी त्याने तो वाढवून पाहिला. अमोनियाच्या पद्धतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे मिळणारा सगळा नायट्रोजन रासायनिक संयुगातलाच. आता फरक दोनशेत एक भाग झाला: त्याच गोळ्यात हवेतला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम, रासायनिक नायट्रोजन सुमारे २.२९९ ग्रॅम. अकरा मिलिग्रॅम. तेवढ्या अकरा मिलिग्रॅमच्या मागे लागून रॅली आणि विल्यम रॅम्झी यांनी १८९४ साली अरगॉन हा हवेत नायट्रोजनबरोबर दडलेला, त्याहून जड वायू शोधला. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं.

या गोष्टीचा आधीचा भाग अजून सरस आहे. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश या विक्षिप्त, अबोल इंग्रजाने हवेत विजेच्या ठिणग्या पाडून तिच्यातला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग करून संपवायचा प्रयत्न केला होता. सगळा संपला, एक बारीकसा बुडबुडा काही केल्या जाईना. कॅव्हेंडिशला तो काय आहे ते कळलं नाही. पण त्याने लिहून ठेवलं की नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नसेल एवढा काहीतरी अवशेष उरतो. तो बुडबुडा अरगॉनचा होता. वर्णपट तपासायची सोय नव्हती, मूलद्रव्यांची आवर्तसारणी यायला ऐंशीहून अधिक वर्षं होती. तरी त्याचा आकडा आजच्या आकड्याच्या आसपास बसतो. आमच्या जर्नलात हा बुडबुडा 'प्रायोगिक त्रुटी' या सदरात गेला असता. 'सोर्सेस ऑफ एरर' खाली तीन ठरलेले मुद्दे असतात, त्यांतला दुसरा.

कॅव्हेंडिश-रॅलीच्या गोष्टी मुलांना सांगितल्या की ती टाळ्या वाजवतात आणि पुन्हा १०.१ लिहितात. त्यांचंही बरोबर आहे, आपल्या टेबलावर अरगॉन निघणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. मला खरी मदत झाली ती एका गुरुवारच्या बॅचची. मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) विरुद्ध परमँगनेट, असं टायट्रेशन. मी सांगितलं होतं की रीडिंग लगेच, पेनने, आहे तसं लिहायचं आणि द्रावण कुठल्या बाटलीतून घेतलं तेही लिहायचं. मोठ्या नाखुशीने त्यांनी लिहिलं. शेवटी सगळ्यांची रीडिंग फळ्यावर मांडली तर वर्गाचे सरळ दोन तुकडे पडले. निम्म्यांची १० मिलीच्या अलीकडे-पलीकडे, निम्म्यांची साडेनऊच्याही खाली. मुलं एकमेकांवर ढकलायला लागली, तुझं पिपेट गळतं, तुला एंड पॉइंट कळत नाही. तेवढ्यात एकजण वहीकडे बघून म्हणाला, "कमी आलेली सगळी खिडकीकडच्या बाटलीची आहेत."

लॅबमधल्या मामांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मंगळवारचं उरलं होतं मॅडम, म्हटलं संपवून टाकू." मोहर सॉल्टचं द्रावण करताना त्यात विरल गंधकाम्ल घालतात, कारण त्याशिवाय फेरस लोहाचं हवेनेच फेरिक व्हायला लागतं. त्या बाटलीत आम्ल घालायचं राहिलं असावं किंवा कमी पडलं असावं, कारण दोन दिवसांत रंगही पिवळट झाला होता. परमँगनेट खर्च होतं ते फेरसवर. फेरस कमी, म्हणून परमँगनेट कमी. साधं कारण. पण मला प्रश्न पडला तो आधीच्या वर्षांचा. उरलेलं द्रावण संपवायची मामांची काटकसर काही त्याच गुरुवारी जन्मली नव्हती. जुनी जर्नलं मी काढून पाहिली. सगळीकडे १०.१.

कंपनीत असा फरक दिसला असता तर रीतसर तपास झाला असता, फॉर्म भरले गेले असते, द्रावण कुणी केव्हा केलं इथपर्यंत माग काढला असता. हा सगळा जाच आहे असं आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो. पण तो कशासाठी आहे, हे मे २०१३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतल्या कंपनीने तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्या प्रकरणातला एक मुद्दा तारखांचा होता. औषध किती काळ टिकतं हे पाहण्यासाठी ठरावीक महिन्यांनी चाचण्या करायच्या असतात. त्या त्या-त्या वेळी न करता काही चाचण्या एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवसांत उरकल्या होत्या आणि कागदावर तारखा वेगळ्या होत्या. बातमी वाचून घरचे म्हणाले, काय हा भयंकर प्रकार. मला मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत जून ते फेब्रुवारीच्या तारखा टाकणारी मुलं आठवली. दोन्हींत फरक प्रचंड आहे, मान्य. एकात रोग्याचा जीव गुंतलेला असतो. पण मनगटाची हालचाल तीच.

नमुना म्हणून मुलांपुढे कुणाची वही ठेवायची झाली तर मी मायकेल फॅरडेची ठेवते. पोरगा लोहाराचा, शिक्षण पुस्तकबांधणीच्या दुकानात, उमेदवारी करता करता. १८२० पासून १८६२ पर्यंत त्याने प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या. १८३२ पासून परिच्छेदांना सलग क्रमांक घालायला लागला, ते सोळा हजारांच्या पुढे गेले. स्मरणशक्ती दगा द्यायची, म्हणूनही हा खटाटोप. नुसत्या यशाच्या नोंदी असत्या तर ती वही कंटाळवाणी झाली असती. गुरुत्वाकर्षणाचा आणि विजेचा काही संबंध लागतो का, याच्या मागे तो १८४९ मध्ये लागला. कल्पना सुचल्याच्या उत्साहात बरंच लिहून झाल्यावर पुढे लिहितो की हे सगळं स्वप्न आहे, तरी थोडे प्रयोग करून पाहू. केले. काही निघालं नाही. काही निघालं नाही हेही तितक्याच निगुतीने लिहिलं.

आता हे सगळं कॉलेजात कसं बसवायचं? सोपं नाही. माझे एक सहकारी स्पष्ट म्हणतात, "मॅडम, वीस मुलांची बॅच, दोन तराजू, प्रॅक्टिकल संपायला आलं की पुढची बॅच दारात उभी. तुमच्या या ओरिजिनल वह्या तपासणार कोण?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. शिवाय एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात ते जर्नलच मागतात, आणि त्यात खाडाखोड दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. सर्टिफाइड जर्नल नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून जर्नल मी काढून टाकलेलं नाही. फक्त शेजारी एक साधी बांधीव वही ठेवायला लावली आहे. पानांवर क्रमांक मुलांनीच हाताने घालायचे. पेनने लिहायचं. निघायच्या आधी माझी सही, त्या दिवशीची. भाषेचं बंधन नाही, आणि तिथे मजा येते. निकेलच्या चाचणीत 'चेरी रेड' लिहिणारी मुलं या वहीत 'डाळिंबी' लिहितात. एका मुलाने तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया ओतल्यावर लिहिलं होतं, 'आधी फिकट निळं दह्यासारखं, मग अजून ओतल्यावर दही गेलं आणि गर्द निळं झालं, एकदम.' त्याच्या जर्नलात त्याच जागी 'डीप ब्लू कलरेशन' आहे. दही गायब.

सत्राच्या शेवटी अदलाबदल करतो. दोन-दोनच्या जोड्या. एका जोडीची वही दुसरीला द्यायची आणि फक्त तेवढ्यावरून प्रयोग परत करायचा, तोंडाने काही विचारायचं नाही. यंदा अ‍ॅस्पिरिन होतं: सॅलिसिलिक आम्ल, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड, गंधकाम्लाचे थेंब, गरम पाण्यात ठेवणं, मग बर्फाच्या पाण्यात ओतून स्फटिक. एका वहीत लिहिलं होतं, 'थोडा वेळ गरम केलं.' वाचणाऱ्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे थोडा वेळ केलं. स्फटिक दिसायला छान आले, पण फेरिक क्लोराइडचा थेंब टाकताच जांभळा रंग! सॅलिसिलिक आम्ल बरंच तसंच राहिलेलं. मग जी जुंपली. "थोडा वेळ म्हणजे किती?" "थोडा म्हणजे, होईपर्यंत!" "होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

दुसऱ्या टेबलावरची वही याच्या नेमकी उलट होती. तीत मिनिटं होती, तापमान होतं, आणि मध्येच एक ओळ: 'गॅस संपला. मामांनी सिलिंडर बदलला. तोवर पाणी ५० अंशांवर आलं. परत ७० व्हायला ६ मिनिटं.' ती वही मिळालेली मुलगी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. शेवटी नियम मोडून माझ्याकडे आली.

"मॅडम, आम्हीपण मध्ये सिलिंडर काढून ठेवायचा का?"

मी म्हटलं, "नको. पण आमचा गॅस संपला नाही, हे तुमच्या वहीत लिहा."